असत्य वाटेवरची कांजी: एका स्मरणपद्धतीचं परीक्षण

आज आपल्याला एका पाठ्यपुस्तकाचं परीक्षण करायचं आहे. तत्त्वज्ञानाच्या माणसाने जपानी लिपीच्या पाठ्यपुस्तकात कशाला नाक खुपसायचं, असं कुणाच्या मनात आलं असेल, तर पहिली गोष्ट अशी की या पुस्तकाचा लेखकच तत्त्वज्ञानाचा माणूस आहे. जेम्स हाइझिग. नागोयाच्या नानझान विद्यापीठातल्या धर्म आणि संस्कृती संशोधन संस्थेत त्यांचं आयुष्य गेलं. निशिदा, तानाबे आणि निशितानी या क्योतो संप्रदायाच्या तीन विचारवंतांवर त्यांनी २००१ साली लिहिलेला ग्रंथ आमच्या विषयातले लोक अजून आदराने वाचतात. पण जगात त्यांचं नाव झालं ते त्या ग्रंथाने नव्हे. झालं ते 'रिमेंबरिंग द कांजी' या पुस्तकाने. पुण्यात जपानी शिकणाऱ्या मुलांच्या पिशवीत निशितानी सापडणार नाही, पण हे पुस्तक, निदान त्याची झेरॉक्स, हमखास सापडेल.

आधी अडचण काय आहे ते पाहू. जपानी सरकारच्या 'जोयो' यादीत २०१० सालापासून २,१३६ कांजी आहेत. वर्तमानपत्र वाचायचं तर एवढी यावीत अशी अपेक्षा. जपानी मूल पहिलीत ८० शिकतं आणि प्राथमिक शाळा संपेपर्यंत १,०२६. प्रत्येक चिन्हाला एक आकृती, एक किंवा अनेक अर्थ, आणि उच्चार तर बहुधा एकाहून जास्त. जपानी मूल हे कसं करतं? घोटून. चौकटीच्या वहीत तेच अक्षर पुन्हा पुन्हा. हात शिकतो. मोठ्या जपानी माणसाला एखादं अक्षर आठवत नसलं की तो बोटाने हवेत किंवा तळहातावर गिरवून बघतो. त्याला 'कूशो' म्हणतात, म्हणजे हवेतलं लेखन. बोटाला आठवतं, मग डोक्याला आठवतं.

हाइझिग म्हणतात, प्रौढ परदेशी माणसाने हा मार्ग धरू नये. त्याच्याकडे सहा वर्षं नाहीत आणि लहान मुलाचा हातही नाही. पण लहान मुलाकडे नसलेली एक गोष्ट त्याच्याकडे आहे, ती म्हणजे प्रौढाची कल्पनाशक्ती. म्हणून अक्षराचे तुकडे करा, प्रत्येक तुकड्याला नाव द्या, प्रत्येक अक्षराला एक इंग्रजी शब्द द्या, आणि तुकड्यांपासून त्या शब्दापर्यंत नेणारी एक गोष्ट रचा. गोष्ट जितकी विचित्र, तितकी पक्की. पुस्तकाच्या पहिल्या भागात गोष्टी पूर्ण दिल्या आहेत, दुसऱ्यात कथानकाचा नुसता सांगाडा, आणि तिसऱ्यात फक्त घटक. गोष्ट तुमची तुम्ही रचायची. ही रचना शिक्षक म्हणून आम्हाला फार आवडते. हात हळूहळू सोडायचा हे कळणारे शिक्षक कमी असतात.

आता आम्ही फळ्यावर जी चिन्हं काढू ती लेखी प्रतीत येणार नाहीत, म्हणून त्यांचं वर्णन शब्दांतच करतो. डाव्या बाजूला उभा माणूस आणि शेजारी झाड: अर्थ विश्रांती. इथे गोष्ट रचावीच लागत नाही. तीन झाडं म्हणजे अरण्य. सूर्य आणि चंद्र शेजारी शेजारी, म्हणजे उजेड. जपानीच्या पहिल्या तासाला शिक्षक हीच अक्षरं दाखवतात आणि वर्ग खूश होतो. पण पुढची दोन हजार अशी नाहीत. या खुशीत एक समज रुजतो की कांजी म्हणजे चित्रं, ती थेट कल्पना दाखवतात, मध्ये भाषा लागतच नाही. हा समज जुना आहे. तोक्योच्या विद्यापीठात १८७८ पासून तत्त्वज्ञान शिकवणारे अर्नेस्ट फेनोलोसा यांच्या टिपणांवरून एझरा पाउंड यांनी १९१९ मध्ये जो निबंध छापला, त्यात या समजाला काव्याची झूल चढली. पाउंडच्या कवितेला त्याचा फायदा झाला. अक्षरं शिकणाऱ्यांना झाला नाही.

कारण वस्तुस्थिती वेगळी आहे. सन १०० च्या सुमारास चीनमध्ये शू शन या विद्वानाने 'श्वोवन च्येत्झ' हा कोश रचला. त्यात ९,३५३ अक्षरं आहेत, ५४० विभागांत लावलेली. त्यातली नुसती चित्रं फार थोडी. बहुसंख्य अक्षरांचे दोन भाग आहेत: एक भाग अर्थाचा प्रांत सांगतो, दुसरा उच्चार सुचवतो. निळ्या-हिरव्या रंगाचं एक अक्षर आहे, त्याचा चिनी वळणाचा उच्चार 'सेइ'. त्याच्या डावीकडे पाण्याची खूण लावली की अर्थ निर्मळ, उच्चार 'सेइ'. सूर्य लावला की निरभ्र, उच्चार 'सेइ'. तांदूळ लावला की सत्त्व, सार, तरीही 'सेइ'. वाणीची खूण लावली की विनंती, पुन्हा 'सेइ'. इथे निळा रंग गोष्ट सांगत नाही, तो फक्त आवाज देतो.

आमचा मुख्य आक्षेप इथूनच सुरू होतो. हाइझिग पहिल्या खंडात उच्चार शिकवतच नाहीत, हेतुपुरस्सर शिकवत नाहीत. त्यांचा युक्तिवाद असा: चिनी विद्यार्थी जपानी शिकायला येतो तेव्हा इतरांच्या फार पुढे असतो, कारण अक्षरांचा आकार आणि अर्थ त्याला आधीच येत असतो, उच्चार तेवढे नवे शिकायचे. तर मग आपणही आधी आकार आणि अर्थ शिकून त्या चिनी विद्यार्थ्याच्या जागी जाऊन उभे राहू, उच्चारांचं नंतर पाहू. ऐकायला चोख वाटतं. पण त्या चिनी विद्यार्थ्याला अक्षरं 'अर्थ' म्हणून माहीत नसतात, ती शब्द म्हणून माहीत असतात. ती त्याने बोलली आहेत, त्यांत भांडला आहे, दुकानाच्या पाटीवर वाचली आहेत. त्याच्या डोक्यात आवाज आधीपासून आहे, भले चिनी असो. हाइझिगच्या विद्यार्थ्याच्या डोक्यात आहे एक एकाकी इंग्रजी शब्द. या दोघांना एका जागी उभं करता येत नाही.

हा इंग्रजी शब्द किती दूर नेतो तेही पाहू. जपानीत अगदी रोजचा शब्द आहे 'दाइजोऽबु'. (लांब ओ दाखवायला आम्ही अवग्रह वापरतो आहोत. का, ते पुढे सांगतो.) अर्थ: ठीक आहे, काळजी नको. अक्षरं तीन: मोठा, लांबी, नवरा. आता मोठा-लांबी-नवरा यातून 'काळजी नको' काढून दाखवा! घरोघरच्या गृहिणी काय म्हणतील ते त्यांच्यावर सोडू. 'तेगामी' म्हणजे पत्र, अक्षरं हात आणि कागद. इथे जुळतं, असं वाटतं. पण हीच दोन अक्षरं चिनीत शौचालयातला कागद सांगतात. बरं, पुस्तकाला प्रत्येक अक्षरासाठी वेगळा शब्द हवा, म्हणून एका अक्षराला 'जुना', दुसऱ्याला 'जुना काळ', तिसऱ्याला 'कोणे एके काळी'. दोन हजार अक्षरांना दोन हजार वेगळे शब्द पुरवताना इंग्रजीचा पदर अपुरा पडतो आणि मग विद्यार्थी कांजीतला नव्हे, इंग्रजीतलाच सूक्ष्म भेद पाठ करत बसतो.

आपल्या परंपरेत या प्रश्नावर पूर्वीच विचार झालेला आहे. मीमांसक आणि नैयायिक शब्दाच्या अर्थाचे प्रकार पाडतात: अवयवांतून निघतो तो योग, वापराने ठरतो ती रूढी. त्यांचं ठरलेलं उदाहरण 'मंडप'. फोड करा: मंड म्हणजे पेजेवरचं पाणी, ते पिणारा तो मंडप. लग्नाच्या मंडपात बसून पेज पिणारा कुणी शोधत नाही. रूढी योगापेक्षा बलवान, ती योगाला बाजूला सारते. कांजीच्या बाबतीत हेच, आणि स्मरणयुक्ती नेमका योगच शिकवते.

पण म्हणून युक्ती टाकाऊ ठरते का? इथे भर्तृहरीला बोलावल्याशिवाय गत्यंतर नाही. 'वाक्यपदीया'च्या दुसऱ्या कांडात तो म्हणतो त्याचा आशय असा: शिकणाऱ्यांसाठी रचलेले उपाय म्हणजे लहान मुलांना गोंजारणं आहे, माणूस असत्य वाटेवर उभा राहून तिथून सत्याकडे जायला बघतो. आणि हे तो कुणा ऐऱ्यागैऱ्या युक्तीबद्दल म्हणत नाही. प्रकृती, प्रत्यय, धातू, अख्खं व्याकरण त्याच्या लेखी असा उपाय आहे. वाक्य अखंड आहे, तुकडे आपण पाडले. म्हणजे हाइझिगच्या बाजूने बोलायला भर्तृहरीपेक्षा चांगला वकील मिळणार नाही. आपल्याकडे वृत्तांचे गण पाठ करायला 'यमाताराजभानसलगं' आहे. त्याला अर्थ नाही आणि कुणाला त्याची खंतही नाही. काम झालं की ते बाजूला राहतं.

मात्र या वकिलाची एक अट आहे. वाट असत्य आहे हे वाटसरूला माहीत पाहिजे. स्मरणयुक्ती खरी किंवा खोटी नसते, उपयोगी किंवा निरुपयोगी असते. अक्षराच्या उगमाविषयीचं विधान मात्र खरं किंवा खोटं असतं. ही दोन एकमेकांचे कपडे घालून फिरू लागली की घोटाळा होतो. आणि हा घोटाळा परदेशी पुस्तकांनी आणलेला नाही. तो मूळ घरातलाच आहे.

युद्धाचं, शौर्याचं एक अक्षर आहे, 'बु'. बुशी, बुदो यांतला बु. त्यात दोन भाग: भाल्यासारखं शस्त्र आणि 'थांबणं' या अर्थाचं चिन्ह. 'त्सोच्वान' या प्राचीन इतिहासग्रंथात चू राज्याचा राजा च्वांग, इसवी सनापूर्वी ५९७ च्या लढाईनंतर, सांगतो की शस्त्र थांबवणं हेच खरं शौर्य, अक्षरच तसं म्हणतं. किती सुंदर! शू शनने अर्थ जोडून बनलेल्या अक्षरांचा वर्ग सांगताना नमुना म्हणून जी दोन अक्षरं दिली, त्यांतलं एक हेच. आजही जपानमध्ये युद्धकलेच्या आखाड्यात हा अर्थ सांगितला जातो. पण ते 'थांबणं'चं चिन्ह मुळात पायाचं चित्र आहे. शस्त्र आणि पाऊल, म्हणजे शस्त्र घेऊन चाल करून जाणं. प्राचीन लेखांचे अभ्यासक आज बहुधा असंच वाचतात. म्हणजे शांततेचा तो सगळा उपदेश एका गोष्टीवर उभा आहे. उपदेश वाईट नाही, पण तो अक्षरातून निघत नाही, अक्षरात घातलेला आहे.

गंमत अशी की याच अक्षरावरून एका युरोपीय माणसानेही युक्ती काढली. मातेओ रिची, इटालियन जेझुइट. १५९६ साली नानछांग शहरात त्याने चिनीत स्मरणकलेचं पुस्तिकावजा लेखन केलं. ग्रीक-रोमन वक्त्यांची जुनी कला ही: मनात एक वास्तू उभारायची आणि तिच्या कोनाकोपऱ्यांत चित्रं ठेवायची. या अक्षरासाठी रिचीने दोन योद्धे उभे केले: एक वार करू पाहतोय, दुसरा त्याचं मनगट धरून त्याला थांबवतोय. शस्त्र आणि थांबणं. ही पुस्तिका त्याने प्रांताधिकारी लू वानगाय यांच्या, परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी लिहिली. थोरल्या मुलाने वाचून दिलेला अभिप्राय रिचीनेच नोंदवून ठेवला आहे. त्याचा मतितार्थ: नियम खरे आहेत, पण ते वापरायला मुळात स्मरणशक्ती जबर लागते. चारशे वर्षांत या पद्धतीवर याहून नेमकी टीका झालेली आमच्या वाचनात नाही. दोन हजार गोष्टी लक्षात ठेवायच्या म्हणजे गोष्टींचंच ओझं. हाइझिग स्वतः साधारण महिन्याभरात हे सगळं साधलं असं सांगतात. सांगणाऱ्यावर आमचा विश्वास आहे. पण विलक्षण माणसाचा महिना हा सामान्य माणसाचं वेळापत्रक होत नाही.

जपानी शाळांतही अशा गोष्टी चालतात. आई किंवा वडील या अर्थाचं 'ओया' हे अक्षर: उभं राहणं, झाड, पाहणं. झाडावर उभं राहून दूर गेलेल्या मुलाकडे पाहणारे ते आईवडील! ऐकताना डोळ्यांत पाणी येतं. पण डावीकडचा भाग मुळात आवाज देणारा आहे. त्याचा चिनी वळणाचा उच्चार 'शिन', आणि तोच भाग 'नवा' या अर्थाच्या अक्षरात बसून तिथेही 'शिन'च देतो. गोष्ट एक अक्षर देते आणि दोन अक्षरांना जोडणारा दुवा बुजवते. हा तोटा लगेच दिसत नाही. पाचशे अक्षरांनंतर दिसतो. 'माणूस' हे अक्षरही तसंच. दोन रेघा एकमेकींना टेकलेल्या, म्हणून माणसाने माणसाला आधार द्यावा, अशी शिकवण एका गाजलेल्या जपानी दूरदर्शन मालिकेतल्या शिक्षकाने घरोघर पोचवली. मुळात ते एकाच माणसाचं, बाजूने काढलेलं चित्र आहे. एकटाच उभा आहे बिचारा.

विद्वानांकडे जावं तर तिथेही सगळं शांत नाही. शिराकावा शिझुका यांनी तोंडाचं समजलं जाणारं चौकोनी चिन्ह अनेक अक्षरांत तोंड नसून देवाला केलेल्या प्रार्थनेचं पात्र आहे असं मांडलं आणि त्यावरून शेकडो अक्षरांचे अर्थ नव्याने लावले. तोदो आकियासु यांनी आवाजाच्या कुळांवरून मांडणी केली आणि शिराकावांना कडाडून विरोध केला. यास्काचं निरुक्त वाचलेल्यांना हे वातावरण ओळखीचं वाटेल. व्युत्पत्ती सापडत नसली तरी शब्द तसा सोडायचा नाही, हा यास्काचा हट्ट. पण शिराकावा चुकले असतील तर ते चुकले, असं म्हणता येतं, पुरावा दाखवता येतो. हाइझिग एका जुन्या, आखूड शेपटीच्या पक्ष्याच्या चिन्हाला 'टर्की' म्हणतात, तिथे चुकलात असं म्हणायला जागाच नाही. टर्की अमेरिकेतला पक्षी आहे हे त्यांना ठाऊक आहे. याबाबतीत ते प्रामाणिक आहेत. त्यांचं पुस्तक वाचून कुणी उगम शिकला तर दोष वाचणाऱ्याचा.

या कसोटीवर आम्हाला केनेथ हेनशल यांचं १९८८ चं पुस्तक अधिक सरस वाटतं. त्यात तेव्हाच्या यादीतली १,९४५ अक्षरं आहेत. प्रत्येक अक्षराखाली आधी उगमाची चर्चा, मतभेदांसकट, आणि शेवटी वेगळं काढून एक स्मरणवाक्य. इथे विद्या संपली आणि इथून युक्ती सुरू झाली, हे वाचकाला दिसतं. पुस्तक जड आहे, लोक ते पूर्ण करत नाहीत, हेही खरं.

आणि उच्चारांच्या युक्त्या? आपल्या मुलांना त्यात फार मजा येते, कारण मराठी आणि जपानी यांचे आवाज जागोजागी टकरतात. 'उशी' म्हणजे गाय, मग गायीच्या पाठीवर उशी ठेवा. 'नाना' म्हणजे सात, सात नाना ओळीने बसलेत. 'माची' म्हणजे गाव, राजगडाची माची डोळ्यांपुढे आणा. 'ताकी' म्हणजे धबधबा, आणि आपली टाकी वाहते आहे. चार-दहा शब्दांना हे ठीक. अमेरिकेत ॲटकिन्सन आणि रॉ यांनी १९७५ मध्ये रशियन शब्द अशाच पद्धतीने शिकवून पाहिले होते आणि ते जास्त लक्षात राहिले. पण त-ट चा भेद इथे वाहून गेला, ते लक्षात आलं ना? त्याहून मोठी अडचण स्वराच्या लांबीची. जपानीत 'शुजिन' म्हणजे नवरा आणि 'शूजिन' म्हणजे कैदी. (हसू नका, दोन वेगळे शब्द आहेत.) ऱ्हस्व-दीर्घ उकार आपल्या लिपीत आहे, म्हणून इथे निभावतं. ओकाराला मात्र आपल्याकडे लांब-आखूड नाही. 'को' आणि 'कोऽ' दोन्ही वहीत 'को' होतात, आणि कांजीचे कितीतरी उच्चार नेमके 'कोऽ' आहेत. म्हणून अवग्रह. युक्तीचा शब्द मराठी असला की ऐकणारा कान मराठीच राहतो.

जपानी लोकांच्या स्वतःच्या जुन्या युक्त्या पाहिल्या की फरक कळतो. प्रेमाचं जुन्या वळणाचं अक्षर: वर दोन धागे, मध्ये बोलणं, खाली हृदय. धागा 'इतो', आणि 'इतोशी' म्हणजे प्रिय. तुकडे ओळीने वाचले की 'प्रिय, प्रिय असं म्हणणारं मन' असं ऐकू येतं. चेरीच्या जुन्या अक्षरातून याच रीतीने माडीवरच्या बाईवर जीव जडल्याची थट्टा निघते. इथे आकार, अर्थ आणि आवाज एकाच गाठीत आहेत. १९४० च्या दशकात लिपी सुधारली, दोन्ही अक्षरं सोपी झाली आणि गाठ सुटली. पण युक्ती कशी असावी हे त्यातून दिसतं. हाइझिगच्या गोष्टीत आवाज मुका आहे. दुसऱ्या खंडात ते आवाज देणाऱ्या भागांवरूनच अक्षरांचे गट लावतात, आणि गट चांगले लावतात. पण तोवर विद्यार्थी दोन हजार अक्षरं मुकी शिकून बसलेला असतो. हा खंड पहिल्यात विणला असता तर पुस्तक दुप्पट जाड झालं असतं, खप निम्मा झाला असता, आणि ते खरोखर मोठं पुस्तक झालं असतं, असं आमचं मत.

शेवटी आपल्यापुरतं एक उदाहरण. इंग्रजी शब्दांच्या खुंटीला मराठी मुलांनी टांगून घ्यायची गरज नाही. जपानी 'आ-इ-उ-ए-ओ, का-सा-ता-ना' हा क्रम बौद्धांच्या संस्कृत वर्णाभ्यासातून तिकडे गेला, आपल्याला तो शिकावा लागत नाही. तसं एक अक्षर आहे: डावीकडे धाग्याची खूण, मूळ अर्थ मागावरचा उभा ताणा. चिनी बौद्ध भाषांतरकारांना 'सूत्र' हा शब्द भाषांतरायचा होता तेव्हा त्यांनी हेच अक्षर घेतलं. धागा तो धागा, ग्रंथ तो ग्रंथ. मराठी माणसाला इथे गोष्ट रचावी लागत नाही, ती घडलेलीच आहे. आता आवाज. देवळात भिक्षू वाचतात तेव्हा हे अक्षर 'क्योऽ', कारण तो जुना, बौद्ध वळणाचा उच्चार. अर्थव्यवस्था म्हणजे 'केइझाइ', तिथे हेच अक्षर 'केइ'. उजवा अर्धा भाग झाकून पाहा: तोच भाग 'हलकं', 'पायवाट' आणि 'देठ' या अक्षरांत आहे, आणि तिन्ही ठिकाणी 'केइ'. पहिल्यात गाडीची खूण, दुसऱ्यात पावलाची, तिसऱ्यात गवताची. चला, आता वह्या काढा आणि ही चारही एकाखाली एक लिहा. मग प्रश्नोत्तरं घेऊ.